बडोद्याचा स्वर, कलकत्त्याची तबकडी

बडोद्याच्या संगीताचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकास छापील साधनांची वाण पडत नाही. श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड (तिसरे) यांच्या प्रदीर्घ कारकिर्दीत, म्हणजे इ. स. १८७५ ते १९३९ या काळात, गाणे-बजावणे हा केवळ दरबारी शौकाचा विषय राहिला नव्हता. दरबारातील गायक, वादक आणि नर्तकी यांची व्यवस्था पाहण्यासाठी 'कलावंत कारखाना' हे स्वतंत्र खाते होते. इ. स. १८८६ मध्ये मौलाबक्ष यांच्या देखरेखीखाली संगीतशाळा निघाली. मौलाबक्षांनी स्वरलेखनाची स्वतःची पद्धत बसवून तिच्या आधारे पुस्तके छापली. इ. स. १९१६ मध्ये पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीही बडोद्यातच. ज्या राजाने इ. स. १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणले, त्याच्या राज्यात संगीताविषयी इतके लिहिले आणि छापले गेले यात नवल नाही.

या साधनांवरून कोण गात होते, कोणत्या परंपरेचे गात होते, कोणाला कोणाची तालीम होती हे सारे सांगता येते. आवाज कसा होता, हे मात्र कोणत्याही कागदावरून कळत नाही. षड्ज लावल्यावर सभेत काय घडे, समेवर येण्याआधी गवई श्रोत्यांना किती ताटकळत ठेवी, मंद्रातला स्वर कितपत भारदस्त होता, या प्रश्नांची उत्तरे शब्दांत मावत नाहीत. ती मिळण्याचे साधन एकच, ते म्हणजे ध्वनिमुद्रण. आणि या बाबतीत बडोद्याशी संबंध असलेल्या दोन थोर गायकांच्या वाट्याला दोन अगदी निरनिराळ्या गोष्टी आल्या.

पहिले गायनाचार्य भास्करबुवा बखले. इ. स. १८६९ मध्ये गुजरातेतील कठोर या गावी त्यांचा जन्म झाला. बालपण बडोद्यात गेले, आरंभीचे संस्कार तेथल्या कीर्तनाचे, आणि ख्यालाची पहिली कसून तालीम बडोद्याच्या फैजमहंमदखाँ यांची. पुढे आग्रा घराण्याचे नत्थनखाँ आणि त्यानंतर अल्लादियाखाँ यांच्याकडून त्यांनी विद्या संपादन केली. तीन घराण्यांची गायकी एका गळ्यात नांदविणाऱ्या या पुरुषाने इ. स. १९११ मध्ये पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांना घडविले. 'स्वयंवर' नाटकाच्या पदांना चाली दिल्या. इ. स. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची एकही ध्वनिमुद्रिका नाही. ज्या गायकाविषयी मराठी माणसाने एवढ्या आदराने लिहिले आणि सांगितले, त्याचा आवाज कसा होता हे ऐकून सांगू शकेल असा मनुष्य आज जगात उरलेला नाही.

दुसरे उस्ताद फैयाजखाँ. तेही आग्रा घराण्याचे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ते बडोद्याच्या दरबारी आले आणि अखेरपर्यंत बडोद्याचेच राहिले. म्हैसूर दरबाराने त्यांना 'आफताब-ए-मौसिकी' ही पदवी दिली. ५ नोव्हेंबर १९५० रोजी त्यांचे बडोद्यातच निधन झाले. त्यांचा आवाज मात्र आजही ऐकता येतो. आणि त्याचे पुष्कळसे श्रेय बडोद्यापासून फार दूर, कलकत्त्याच्या अक्रूर दत्त लेनमधील एका लहानशा स्वदेशी कंपनीकडे जाते. 'हिंदुस्थान' या नावाने ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या त्या कंपनीची ही हकीकत आहे.

गाणारे आणि न गाणारे

हिंदुस्थानात व्यापारी तत्त्वावरील तबकड्यांच्या ध्वनिमुद्रणाला इ. स. १९०२ मध्ये कलकत्त्यात आरंभ झाला. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीने फ्रेड गैसबर्ग या तंत्रज्ञास पूर्वेकडे पाठविले आणि त्याने त्या वर्षीच्या नोव्हेंबरात गौहरजान हिचे गाणे मुद्रित केले. पहिल्या काही वर्षांत मेणाच्या तबकडीवर कोरलेले ध्वनी परदेशी पाठवावे लागत आणि तिकडून तयार मुद्रिका बोटीने परत येत. इ. स. १९०८ मध्ये कलकत्त्याच्या सियालदा भागात कंपनीचा कारखाना सुरू झाला, इ. स. १९२८ मध्ये तो दमदमला मोठ्या जागेत गेला. कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचे चित्र घराघरांत पोहोचले ते याच कंपनीमुळे. 'हिज मास्टर्स व्हॉइस' हे नाव रेकॉर्ड या शब्दालाच जणू प्रतिशब्द होऊन बसले.

या पहिल्या पर्वात मुद्रिकांवर आवाज आले ते मुख्यतः गायिकांचे. गौहरजान, अलाहाबादची जानकीबाई, आग्रेवाली जोहराबाई ही नावे त्या काळच्या सूचिपत्रांत ठळकपणे आढळतात. आग्रा घराण्याची गायकी पहिल्यांदा तबकडीवर आली तीही एखाद्या दरबारी उस्तादाच्या नव्हे, तर जोहराबाईंच्या आवाजात, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. बडोद्याशी संबंधित दोन गायकांनी या काळात धीर केला. इ. स. १८९० नंतरच्या दशकात बडोद्याच्या दरबारी असलेले अब्दुल करीमखाँ इ. स. १९०५ मध्ये ग्रामोफोनसाठी गायले. मौलाबक्षांचे नातू इनायतखाँ यांनी इ. स. १९०९ मध्ये कलकत्त्यात तीसएक मुद्रणे करून ठेवली. पुढच्याच वर्षी ते पश्चिमेकडे गेले आणि तिकडे सूफी विचारांचे उपदेशक म्हणून प्रसिद्ध झाले; त्यामुळे त्यांच्या गवईपणाचा पुरावा आज मुख्यत्वे त्या तबकड्यांतच आहे.

बहुतेक घरंदाज उस्ताद मात्र कर्ण्यासमोर बसावयास राजी नव्हते. त्यांची कारणे आज हसण्यावारी नेली जातात, पण ती अगदीच पोकळ नव्हती. बंदिश हे घराण्याचे धन. ते पिढीजात तालमीने, पारखून घेतलेल्या शिष्याच्या हाती द्यावयाचे. ते चार-पाच रुपये मोजणाऱ्या कोणाच्याही दिवाणखान्यात कसे सोडावयाचे? ज्या ख्यालाच्या मांडणीस तास लागतो तो तीन मिनिटांत उरकणे म्हणजे विद्येची विटंबना, असेही अनेकांना वाटे. शिवाय एक अडचण यंत्राची होती. सुरुवातीच्या पद्धतीत मायक्रोफोन नव्हता. गायकाने कर्ण्यात तोंड घालून, जोर लावून गावयाचे. त्या दाबाने सुई हलून मेणावर रेषा उमटे. उंच, टोकदार आवाज त्यात बरा उतरे. मंद्र सप्तकातील घुमारा, श्वासाचे वजन, आलापातील हळुवार उतार हे सारे गळून जाई. इ. स. १९२५ च्या सुमारास विद्युत्‌ध्वनिमुद्रण आले आणि ही अडचण पुष्कळ दूर झाली. भास्करबुवा त्याआधी तीन वर्षे निवर्तले होते.

स्वदेशी तबकडीची खटपट

ध्वनिमुद्रण परक्या कंपनीच्या हाती असावे की नाही, हा प्रश्न बंगालमध्ये स्वदेशी चळवळीबरोबरच उभा राहिला. कुंतलीन तेल आणि देलखोश अत्तर यांचे कारखानदार हेमेंद्रमोहन बोस यांनी कलकत्त्यात फोनोग्राफचा धंदा काढून इ. स. १९०६ च्या सुमारास नळकांड्यांच्या स्वरूपातील स्वतःची ध्वनिमुद्रणे विकावयास सुरुवात केली. रवींद्रनाथ टागोरांनी त्यांच्यासाठी 'वंदे मातरम्' गाऊन दिले. पुढे फ्रान्सच्या पाथे कंपनीकडून बोस यांची काही मुद्रणे तबकड्यांवर उतरवून घेण्यात आली. धंदा फार वर्षे टिकला नाही, आणि मेणाची नळकांडी त्याहूनही कमी टिकली. त्यांतील बहुतेक मुद्रणे कायमची गेली. स्वदेशी उत्साह एका गोष्टीला पुरा पडला, जतनाच्या गोष्टीला पुरा पडला नाही.

पाव शतकानंतर, इ. स. १९३२ मध्ये, चंडीचरण साहा यांनी कलकत्त्यात 'हिंदुस्थान म्युझिकल प्रॉडक्ट्स' ही कंपनी उभारली. ६/१, अक्रूर दत्त लेन हा तिचा पत्ता. तिने प्रसिद्ध केलेली एक क्रमांकाची तबकडी रवींद्रनाथांच्याच आवाजातील होती. कविवर्य तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते. नव्या कंपनीला याहून मोठा आशीर्वाद मिळणे शक्य नव्हते. परंतु आशीर्वादावर कारखाना चालत नाही. तो चालला कुंदनलाल सैगल या तरुणामुळे. जम्मूकडून आलेल्या या गायकाच्या पहिल्या मुद्रिका 'हिंदुस्थान'ने काढल्या आणि त्यांचा खप झपाट्याने वाढला. न्यू थिएटर्सच्या 'देवदास'सारख्या (इ. स. १९३५) चित्रपटांतील सैगलांची गाणीही याच लेबलावर आली. सचिन देव बर्मन यांच्या आरंभीच्या मुद्रिकाही 'हिंदुस्थान'च्याच.

ही कंपनी एकटी नव्हती. त्याच सुमारास कलकत्त्यात जे. एन. घोष यांची 'मेगॅफोन' निघाली. पुढे बेगम अख्तर या नावाने गाजलेल्या अख्तरीबाई फैजाबादी यांचा आवाज प्रथम लोकांपर्यंत नेला तो तिनेच. पाठोपाठ 'सेनोला' आली. मुंबईत इ. स. १९३५ मध्ये नॅशनल ग्रामोफोन कंपनीने 'यंग इंडिया' नावाने मुद्रिका काढावयास आरंभ केला. इ. स. १९३१ मध्ये इंग्लंडात ग्रामोफोन आणि कोलंबिया या दोन मोठ्या कंपन्या एकत्र येऊन ई. एम. आय. हा बलाढ्य संघ जन्मास आला होता. त्याच्या छायेत या लहान कंपन्या उगवल्या, हे विशेष.

या कंपन्यांच्या स्वातंत्र्याला मात्र एक मोठी मर्यादा होती. गायक कोणता निवडावा, त्याच्याकडून काय गाऊन घ्यावे, ते केव्हा बाजारात आणावे, हे 'हिंदुस्थान' स्वतः ठरवी. ध्वनिमुद्रणही तिच्या स्वतःच्या स्टुडिओत होई. परंतु मेणावरील मुद्रणावर धातूचा थर चढवून साचे काढणे आणि त्या साच्यांतून लाखेच्या तबकड्या दाबणे यासाठी लागणारी यंत्रसामग्री तिच्यापाशी नव्हती. ते काम दमदमला, म्हणजे ज्यांच्याशी बाजारात स्पर्धा करावयाची त्या ग्रामोफोन कंपनीच्याच कारखान्यात होई. 'मेगॅफोन'चीही तीच गत होती. मोठ्या कंपनीला यात तोटा नव्हता. आपल्या लेबलाखाली खपले नाही तरी तबकडी दाबण्याची मजुरी तिला मिळतच होती.

तरीही एवढे स्वातंत्र्य लहान नव्हते. शास्त्रोक्त गायनाच्या मुद्रिकांचा खप चित्रपटगीतांच्या मुद्रिकांची बरोबरी कधीच करू शकला नाही. कोणाचे गाणे टिपून ठेवावे हा निर्णय सातासमुद्रापलीकडच्या हिशेबनिसाने घ्यावा की त्या गाण्याची किंमत जाणणाऱ्या माणसाने, याला म्हणूनच महत्त्व होते. तो निर्णय अक्रूर दत्त लेनमध्ये होत होता, आणि त्यात बडोद्याच्या दरबारगायकाचे नाव होते.

तीन मिनिटांचे ख्याल

फैयाजखाँ 'हिंदुस्थान'साठी गायले तेव्हा ते कीर्तीच्या शिखरावर होते. आज ऐकावयास मिळणाऱ्या त्यांच्या ७८ गतीच्या मुद्रिकांपैकी बहुतेक याच लेबलाच्या आहेत. त्यांत ललित, रामकली, तोडी, जौनपुरी हे सकाळचे राग आहेत. पूर्वी, पूरिया, जयजयवंती, नटबिहाग असे संध्याकाळचे आणि रात्रीचे आहेत. काफी आहे, आणि भैरवीतील दादराही आहे. दरबारी ख्यालियाने दादरा इतक्या मनापासून गावा याचे कित्येकांना नवल वाटे. खाँसाहेबांना त्यात कमीपणा वाटला नाही.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन मिनिटांहून थोडा अधिक वेळ मिळे. या वेळात विलंबित ख्यालाची संथ बढत बसविणे अशक्यच होते. खाँसाहेबांनी तसा प्रयत्नही केला नाही. त्यांनी बहुधा मध्य आणि द्रुत लयीतील बंदिशी निवडल्या. आरंभी दोन-चार स्वरसमूहांत राग स्पष्ट करावयाचा, लगेच मुखडा घेऊन तबल्याला सम दाखवावयाची, बंदिशीतील शब्दांना वेगवेगळे वळण देत बोलबनाव करावयाचा, मग लयीशी खेळणारे बोल आणि शेवटी थोड्या, पण वजनदार ताना. ऐकताना घाई जाणवत नाही. नटबिहागाच्या तबकडीत तर एवढ्याशा अवकाशातही समेला हुलकावणी देण्याची त्यांची हौस लपत नाही.

काही मुद्रिकांत, उदाहरणार्थ रामकलीच्या, त्यांनी नोमतोम आलापाला जागा दिली. ध्रुपदाच्या अंगाने ख्यालापूर्वी असा आलाप करणे ही आग्रा घराण्याची आणि विशेषतः फैयाजखाँची खूण. महफिलीत तो दीर्घकाळ चाले. तीन मिनिटांत त्याचा नमुनाच तेवढा देता येणार, हे त्यांनाही ठाऊक होते. तरीही मंद्रातून वर येणारा तो खर्जाचा आवाज, स्वरावर येताना किंचित खालून घेतलेला उठाव आणि मधेच मारलेली हाक या गोष्टी तेथे स्पष्ट ऐकू येतात. जुन्या कर्ण्याच्या पद्धतीत यातले फारसे काही उतरले नसते. गायक, यंत्र आणि कंपनी या तिन्ही गोष्टी नेमक्या वेळी जुळून आल्या म्हणूनच हे घडले.

तबकडीने काय हिरावले, याचाही हिशेब मांडला पाहिजे. महफिलीतील फैयाजखाँ तबकडीत नाहीत. श्रोत्याची दाद ऐकून त्याच जागेवर पुन्हा येणारा, समोरच्या जाणत्याकडे पाहून बोल टाकणारा, मध्यरात्रीनंतर खुलत जाणारा गवई बंद स्टुडिओत सापडत नाही. आकाशवाणीवरील त्यांच्या काही कार्यक्रमांची दीर्घ मुद्रणे पुढे एल. पी. वर आली आणि ही उणीव थोडी भरून निघाली. परंतु नमुना आणि अभाव यांत नमुना हाती असणे केव्हाही श्रेयस्कर. भास्करबुवांच्या बाबतीत तर तीन मिनिटांचा नमुनाही नाही, हे आठवले म्हणजे रामकलीच्या त्या तबकडीचे मोल कळते.

पोथी आणि तबकडी

हिंदुस्थानी संगीताच्या जतनासाठी मराठी विद्वानांनी जे केले ते मुख्यतः लेखणीने. भातखंडे यांनी 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा चार भागांचा ग्रंथ मराठीतच लिहिला, आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत शेकडो बंदिशी स्वरलिपीसह छापून सर्वांना खुल्या केल्या. उस्तादांच्या पेटीत कुलूपबंद असलेले धन त्यांनी पुस्तकाच्या रूपाने कोणाच्याही हाती ठेवले. ग्रामोफोनने जे केले त्याचेच हे ग्रंथरूप होते, आणि त्यावर घेतलेले आक्षेपही बरेचसे तेच होते.

परंतु स्वरलिपीच्या मर्यादा भातखंडे स्वतः जाणून होते. म्हणूनच त्यांनी आपले शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांना केवळ पुस्तकांवर न ठेवता बडोद्यास फैयाजखाँकडे पाठविले. रातंजनकर खाँसाहेबांचे गंडाबंध शागीर्द झाले आणि पुढे लखनौच्या मॅरिस कॉलेजचे प्राचार्य म्हणून त्यांनी अनेकांना शिकविले. बेळगाव जिल्ह्यातील बैलहोंगल येथे जन्मलेले पं. के. जी. गिंडे लहान वयातच लखनौस जाऊन त्यांच्यापाशी राहिले. बडोदा, लखनौ आणि बेळगावचा मुलूख अशी ही वाट शिष्यपरंपरेची आहे. बंदिश पुस्तकातून आली, तालीम गुरुमुखातून आली, आणि ज्यांना खाँसाहेबांचे दर्शनही घडले नाही त्यांच्यापर्यंत त्यांचा लगाव पोहोचला तो तबकडीतून.

या तिन्ही वाटा एकमेकींना पूरक आहेत. स्वरलिपीत बंदिशीचा सांगाडा असतो. त्यावरून राग कळतो, गायक कळत नाही. तबकडीत गायक असतो, पण अवघा राग नसतो. गुरूपाशी दोन्ही असते, मात्र गुरू अमर नसतो. जयजयवंतीची बंदिश पुस्तकात पाहून नंतर ती फैयाजखाँच्या मुद्रिकेत ऐकणाऱ्यास छापील स्वर आणि गायिलेला स्वर यांमधले अंतर एका क्षणात समजते. ज्या ग्रंथालयात भातखंड्यांचे ग्रंथ कपाटात आहेत त्याच्या वाचकाने ते अंतर एकदा तरी ऐकून पाहावे.

उरले ते कसे उरले

स्वातंत्र्यानंतर गोष्टी झपाट्याने बदलल्या. इ. स. १९४९ मध्ये बडोदे संस्थान विलीन झाले, आणि दरबारगायक ही पदवीच इतिहासजमा झाली. पुढच्या वर्षी खाँसाहेब गेले. इ. स. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस एल. पी. आली, आणि इ. स. १९७० नंतर ७८ गतीच्या तबकड्यांचे उत्पादन थांबले. 'हिंदुस्थान'चा वारसा 'इनरेको' या नावाने पुढे चालला आणि फैयाजखाँच्या मुद्रिका तिने एल. पी. च्या रूपात पुन्हा प्रसिद्ध केल्या. मग कॅसेट आली, त्यानंतर सी. डी., आणि आता तीच गाणी भ्रमणध्वनीवर एका स्पर्शासरशी ऐकता येतात.

या पुनर्जन्मांच्या मुळाशी असलेली एक गोष्ट सहसा नजरेत येत नाही. कंपनीचे मूळ धातूचे साचे सर्वच ठिकाणी राहिले नाहीत. अनेक जुन्या मुद्रणांसाठी पुनर्निर्मिती करणाऱ्यांना संग्राहकांच्या घरच्या तबकड्यांवर विसंबावे लागले. इ. स. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेने अशा संग्राहकांना एकत्र आणून याद्या, लेख आणि श्रवणाचे कार्यक्रम यांद्वारे मोलाचे काम केले. एखाद्याने माळ्यावरची पेटी रद्दीत घातली नाही, एवढ्यावर पुष्कळदा एका गायकाचे भवितव्य ठरले आहे.

कायद्याची अडचणही आता राहिलेली नाही, आणि त्यातही एक योगायोग आहे. इ. स. १९५७ च्या कायद्याने ध्वनिमुद्रणाला प्रसिद्धीपासून ५० वर्षे संरक्षण दिले होते. इ. स. १९४१ मध्ये निवर्तलेल्या रवींद्रनाथांच्या साहित्याचे स्वामित्वहक्क इ. स. १९९१ अखेर संपणार, म्हणून इ. स. १९९२ च्या दुरुस्तीने सर्वच मुदती १० वर्षांनी वाढविण्यात आल्या. ज्यांच्या आवाजाने 'हिंदुस्थान'ची पहिली तबकडी निघाली, त्यांच्याच निमित्ताने तिच्या इतर तबकड्यांचेही संरक्षण लांबले. ती ६० वर्षांची मुदतही फैयाजखाँच्या ७८ गतीच्या मुद्रिकांबाबत केव्हाच उलटून गेली आहे. या मुद्रिकांची प्रत काढून ती वाचकांना ऐकविण्यास कोणत्याही ग्रंथालयाला आज त्या कारणाने संकोच करण्याचे प्रयोजन नाही.

भीती आहे ती दुसरीच. लाखेची तबकडी पडली की फुटते. आडव्या थप्पीत ठेवली तर वरच्या वजनाने वाकते किंवा तडकते. दमट हवेत तिच्यावर बुरशी धरते. पोलादी पिन प्रत्येक वादनात तिचे थोडे आयुष्य खाते. ती उभी ठेवावी, स्वच्छ कागदी पाकिटात ठेवावी, आणि चावीच्या ग्रामोफोनवर हौसेने लावण्याऐवजी जाणत्याकडून एकदाच नीट प्रत काढून घ्यावी. लेबलावरील क्रमांक आणि लेबलाशेजारी लाखेत उमटलेले बारीक अंक उतरवून घ्यावेत. मुद्रण कोणते आणि कधीचे हे ठरविण्यास अभ्यासकांना त्यांचाच आधार असतो. पाकिटावर पूर्वीच्या मालकाने काही लिहिलेले असल्यास तेही टाकू नये. खरेदीची तारीख, दुकानाचा शिक्का, 'दसऱ्यास आणली' अशी एखादी ओळ यांतूनच एखाद्या गावाच्या श्रवणाचा इतिहास उभा राहतो.

फैयाजखाँची कबर बडोद्यात आहे. इ. स. २००२ च्या दंगलींत तिची विटंबना झाली. ज्या शहराने त्यांना आपले मानले आणि ज्याला त्यांनी आपले मानले, त्या शहराच्या इतिहासात ही गोष्ट नोंदविलीच पाहिजे. दगडाचे स्मारक एका ठिकाणी असते, म्हणून त्यावर घाव घालता येतो. तबकडीचे तसे नाही. तिच्या प्रती बडोद्यात होत्या तशाच इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद येथील रसिकांच्या घरीही असू शकतात. कोठे किती उरल्या आहेत याची मोजदाद मात्र झालेली नाही. जुन्या मराठी ग्रंथालयांच्या सभासदांची घरे हे ती मोजदाद सुरू करण्याचे सर्वांत जवळचे ठिकाण होय. पुस्तकांची दाखलनोंद ठेवण्याची शंभर वर्षांची सवय ज्या संस्थांना आहे, त्यांना तबकड्यांची दाखलनोंद जड जाण्याचे कारण नाही.